पन्नाशीतला गळा आणि भजनी मंडळातली जागा

पारनेर तालुक्यातील कोणत्याही गावात ‘बँड’ हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात उभी राहते. गळ्यात सूर असलेल्या आणि चार जणांच्या संगतीत गाण्याची आस असलेल्या प्रौढ माणसाला त्या बँडमध्ये सहसा काम नसते. त्याचा बँड निराळा. तो देवळाच्या सभामंडपात जमतो. त्याच्यापाशी एक पेटी, एक पखवाज, एक वीणा आणि दहा-बारा टाळजोड असतात. त्यालाच भजनी मंडळ म्हणतात. चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर नव्याने सामूहिक गायनात शिरू पाहणाऱ्यांसाठी ग्रामीण महाराष्ट्रात याहून खुली जागा क्वचितच सापडेल. मात्र ती जागा खुली असली, तरी तिचे दार नेमके कुठे आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

हा प्रश्न अनेकांचा आहे. पारनेर हा पर्जन्यछायेतील तालुका. पोटासाठी मुंबई-पुण्याची वाट धरणाऱ्यांच्या येथे पिढ्या झाल्या. कोणी कारखान्यात, कोणी बाजारपेठेत, कोणी सैन्यात गेला. शाळकरी वयात देवळात टाळ वाजवलेला मुलगा पंचवीस-तीस वर्षांनी गावी परततो, तेव्हा हाताशी वेळ असतो, अभंग अर्धेमुर्धे आठवत असतात आणि आवाज मात्र पूर्वीचा राहिलेला नसतो. मंडळात आता दुसरी पिढी बसलेली असते. आपण जाऊन बसलो तर चालेल का, एवढा एक प्रश्न विचारण्याच्या संकोचात कित्येकांची वर्षे निघून जातात.

मंदिर उभे असेल तर मंडळ

राळेगणसिद्धीचे उदाहरण या संदर्भात मुद्दाम पाहण्याजोगे आहे. पाणलोट विकासासाठी आणि दारूबंदीसाठी हे गाव देशभर ओळखले जाते. परंतु त्या साऱ्या कामाचा आरंभ बंधाऱ्यापासून नव्हे, तर देवळापासून झाला. किसन बाबुराव तथा अण्णा हजारे १९७५ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले, तेव्हा त्यांचे वय अडतीस होते. त्याकाळी गावात दारूच्या भट्ट्यांचा सुळसुळाट होता आणि संत यादवबाबांच्या मंदिराचे लाकूडसुद्धा त्या भट्ट्यांच्या जळणात गेले होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतून हजारे यांनी त्या मंदिराचा जीर्णोद्धार हाती घेतला. गावकरी श्रमदानाने पुढे आले. पुढे दारूबंदीचा निर्णयही याच मंदिरात झाला.

भजनाच्या दृष्टीने यातला अर्थ सरळ आहे. देवळाची तुळई भट्टीत गेलेल्या गावात वीणा टांगायला खुंटी उरत नाही. भजनी मंडळाला नोंदणीचा कागद, कार्यालय किंवा निधी नसला तरी चालते. त्याला लागते ती छपराखालची ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ. म्हणूनच मंडळाचा शोध घेणाऱ्याने माणसे शोधण्यापूर्वी जागा शोधावी. एकादशीच्या रात्री कोणत्या देवळात दिवा उशिरापर्यंत असतो, कार्तिकात काकडा कुठे होतो, हरिपाठाला संध्याकाळी किती वाजता टाळ वाजू लागतात, याची विचारपूस दुकानात किंवा पारावर केली तरी पुरे.

तालुक्याच्या वारकरी परंपरेची मुळेही खोल आहेत. राळेगणजवळचे पिंपळनेर हे संत निळोबारायांचे गाव. तुकोबारायांनी १६५० मध्ये देह ठेवला. निळोबांना त्यांचा अनुग्रह झाला तो त्यानंतर, दृष्टान्तरूपाने, असे परंपरा सांगते. गुरूची प्रत्यक्ष गाठ न पडता उशिरा आलेला हा शिष्य पुढे वारकरी संतमालिकेतील अखेरचा थोर कवी मानला गेला. ज्या जिल्ह्यात हे घडले, त्या अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झाले. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली, ते नेवासेही याच जिल्ह्यात. तेव्हा भजनाला बसायचे तर लांब जाण्याचे कारण इथे कोणालाच नसावे.

कोणते मंडळ आपले?

सगळी भजनी मंडळे एकाच जातीची नसतात आणि इथेच नवख्याची पहिली फसगत होते. घाटावरचे वारकरी भजन म्हणजे टाळ-पखवाजावर, उभ्याने किंवा बसून, अनेकांनी मिळून गायचा अभंग. यात गायक एक असला, तरी ध्रुपद सर्वांचे असते. संगीत भजनात पेटीवर बसलेला बुवा केंद्रस्थानी येतो. कोकणात आणि मुंबईत रुजलेल्या डबलबारीत तर दोन बुवांचा सामनाच रंगतो. सोंगी भजनात गाण्याबरोबर सोंग आणि विनोदही हवा. मुंबईच्या चाळीत किंवा लोकलच्या डब्यात वीस वर्षे भजन केलेला माणूस गावी येऊन वारकरी मंडळात बसतो, तेव्हा त्याला इथली लय संथ आणि इथले ध्रुपद लांबलेले वाटते. मंडळींना त्याची घाई खटकते. यात कोणाची चूक नसते. पहिल्या दोन-तीन बैठकांना केवळ ऐकण्यासाठी जावे, हा जुन्या जाणत्यांचा सल्ला याच कारणाने योग्य ठरतो.

लोकलमधील भजनाचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट सांगायला हवी. ठरलेली गाडी, ठरलेला डबा आणि कार्यालयात जाणारी मध्यमवयीन माणसे, असे या मंडळांचे स्वरूप. तिथे कोणी आवाजाची परीक्षा घेत नाही. रोज तीच गाडी पकडणे एवढीच पात्रता पुरते. काही सहप्रवाशांना या गजराचा त्रास होतो, हेही खरे. तरी प्रौढपणी गाऊ लागलेल्यांची मोठी शाळा म्हणून या डब्यांचे ऋण मान्य करावे लागेल.

ध्वनिफितींवर वाढलेल्या पिढीची अडचण वेगळीच आहे. पं. भीमसेन जोशी (१९२२-२०११) यांच्या ‘संतवाणी’ने अभंग मैफलीच्या व्यासपीठावर नेला आणि घराघरांत पोचवला. मात्र ते एका समर्थ गळ्याचे गाणे आहे. तशी आलापी, तशा ताना आणि तसा विस्तार मंडळात कोणी अपेक्षीत नाही. नवख्याने पहिल्याच दिवशी तो प्रयत्न केला, तर टाळकऱ्यांना ध्रुपद कुठे धरावे हेच कळेनासे होते. मंडळातल्या चालीचे मोल तिच्या मागे दहा माणसे किती सहज येतात, यावर ठरते.

इतर वाटाही आहेत, पण त्या अरुंद. जागरण-गोंधळाच्या पार्ट्या बहुतांशी घराण्यातून चालत आलेल्या असतात. पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठा येथे कोरठण खंडोबाचे मोठे देवस्थान असल्याने वाघ्या-मुरळीचे गाणे कानावर सतत पडते, तरी बाहेरच्याला त्यात सामील होणे अवघड. शहरांतील ऑर्केस्ट्रा तरुण आवाज आणि चित्रपटगीतांची तयारी मागतो. कराओकेची मंडळे पन्नाशीतल्यांना आपुलकीने सामावून घेतात खरी. तिथे गाणारा मात्र अखेर यंत्राबरोबर एकटाच गातो.

पट्टीचा पेच

प्रौढ गायक मंडळातून परत फिरतो तो बहुधा पट्टीमुळे. अपमान झाला म्हणून जाणारे थोडे, सूर पोचला नाही म्हणून गप्प होणारे पुष्कळ.

सर्वसाधारण पुरुषाचा आवाज पेटीच्या काळी एक ते काळी दोन या पट्ट्यांत सुखाने फिरतो. वारकरी भजनाची रीत मात्र चढ्या पट्टीची. टाळांचा खणखणाट आणि पखवाजाचा घोष यांतून शब्द वर यावा म्हणून काळी तीन, काळी चार, कधी काळी पाचपर्यंतही मंडळे गातात. ज्यांनी लहानपणापासून त्याच पट्टीत गळा तापवला, त्यांना ते जड जात नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी नव्याने बसणाऱ्याला वरचा षड्ज लावताना मानेच्या शिरा ताणाव्या लागतात आणि चौथ्या अभंगाला आवाज बसतो.

मंडळाने त्याच्यासाठी पट्टी खाली का आणू नये? कारण पखवाज. त्याचे उजवे अंग गठ्ठे ठोकून विशिष्ट स्वरात मिळवलेले असते आणि डाव्या अंगाला कणीक लावून धुम जमवलेली असते. चढवलेला पखवाज एका अभंगापुरता उतरवून पुन्हा चढवणे म्हणजे रंगलेले भजन मोडणे. कोणताही पखवाजवादक याला राजी होणार नाही आणि व्हायलाही नको.

मार्ग निघतो तो स्वरांच्या नात्यातून. पखवाज काळी चारला मिळवला असेल, तर ज्याचा षड्ज काळी एक आहे, त्याला तोच पखवाज पंचमात लागतो. काळी पाचचा पखवाज काळी दोनच्या गायकाला असाच पंचम देतो. षड्ज-पंचमाचा हा संवाद कानाला खटकत नाही, उलट गोड लागतो. पेटीवाल्याशी आधी बोलून ठेवले, तर आपल्या वाट्याला आलेला एखादा अभंग नवखा गायक आपल्या पट्टीत निभावून नेऊ शकतो. पट्टी विचारण्यात कमीपणा मानणारे पुष्कळ असतात. वस्तुतः आपली पट्टी ठाऊक असणे, ही बुवांच्या नजरेत नवख्याची पहिली शहाणपणाची खूण ठरते. ध्रुपद धरताना तर पेचच नाही; ते खालच्या सप्तकात गावे. तरुण गळे वर आणि प्रौढ गळे खाली असा मेळ जमला, की समूहाच्या आवाजाला बूड येते.

आधी टाळ, मग गळा

मंडळात प्रवेश गाऊन मिळत नाही, टाळ धरून मिळतो. कीर्तनात कीर्तनकाराच्या मागे दोन्ही बाजूंना उभे राहणारे टाळकरी, मधोमध विणेकरी, पखवाजवादक, चाली म्हणणारे गायक आणि शिस्त राखणारा चोपदार, असा सारा मेळ असतो. नवख्याची जागा टाळकऱ्यांच्या रांगेत आणि तीही शेवटी. तिथून पुढे सरकायला महिने लागतात. पण या रांगेचा गुण असा, की तिथे चुकणारा उघडा पडत नाही आणि रोज थोडे थोडे शिकत राहतो.

टाळ वाजवणे दिसते तितके सोपे नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा. लय वाढत जाते तसतसे टाळाचे घाव दुप्पट होतात आणि गाणे तोंडात, ठेका हातात व पावलांत पावली, अशी तिहेरी कसरत करावी लागते. ज्याने कधी टाळ धरलेला नाही, त्याने घरी हरिपाठाबरोबर सराव करावा आणि पहिल्या महिन्यात बैठकीत टाळ हळू वाजवावा. एक चुकार टाळ दहा टाळांचा ठेका बिघडवतो. बेसूर गाणाऱ्याला मंडळ सांभाळून घेते, बेताल टाळकऱ्याला मात्र शेजारचा कोपराने ढोसतोच.

पाठांतराचा प्रश्न त्याहून मोठा. हरिपाठ पुस्तकाविना म्हणता येणे ही किमान अपेक्षा. त्यानंतर काकड्याचे अभंग, गौळणी, वारांचे अभंग असा क्रम लावावा. छापील गाथेत अभंगाच्या दुसऱ्या कडव्याच्या शेवटी बहुधा ‘ध्रु’ अशी खूण असते. तिथले चरण हे ध्रुपद. गायक कोणत्याही कडव्यावरून परत कुठे येणार, हे त्या एका खुणेवरून कळते. पाठांतर कच्चे असलेल्याने निदान ध्रुपदे तरी पाठ करावीत. पंचवीस-तीस ध्रुपदे तोंडी असलेला टाळकरी कुठल्याही मंडळात निभावतो.

ज्यांना शास्त्राची बैठक हवी, त्यांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा मार्ग प्रौढपणीही मोकळा आहे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेतून तयार झालेले अनेक जण गावोगावी कीर्तने करतात. गावात असे कोणी असल्यास चालींची शंका त्यांना विचारावी. संसारी माणसाला आळंदीत राहणे शक्य नसते, पण आळंदीत शिकलेला माणूस बहुधा जवळपासच सापडतो.

रात्री दोनचा पहारा

नवख्याला मंडळात मानाने शिरण्याची सर्वांत मोकळी संधी म्हणजे अखंड हरिनाम सप्ताह. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथाभजन व प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर, असा सात दिवसांचा क्रम. या काळात वीणा जमिनीवर ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा आणि घेणारा परस्परांच्या पाया पडतात, वय पाहिले जात नाही. ही साखळी तुटू नये म्हणून गावकऱ्यांचे पहारे लावतात. दोन-तीन तासांचा एकेक पहारा, त्यात एक विणेकरी आणि सोबतीला काही टाळकरी.

रात्रीच्या कीर्तनाला मंडप भरलेला असतो. मध्यरात्रीनंतर, दोन ते चारच्या पहाऱ्याला मात्र माणूस मिळता मिळत नाही. दिवसभर शेतात राबलेल्यांना झोप आवरत नाही, तरुण मंडप आवरून घरी गेलेले असतात. त्या वेळी ‘मी उभा राहतो’ असे म्हणणाऱ्याला कोणी त्याची पट्टी विचारत नाही. नामघोष अखंड चालू ठेवणे एवढेच काम असते. त्याला ना चाल लागते, ना तयारी. श्रोता नसलेल्या मंडपात, समईच्या उजेडात, झोपाळलेल्या दोन-तीन साथीदारांबरोबर प्रौढ माणूस पहिल्यांदा मोकळ्या गळ्याने गाऊन पाहतो, तो याच पहाऱ्याला. चुकला तरी ऐकायला कोण असते? आणि सातव्या दिवशी पहाऱ्याच्या यादीत त्याचे नाव सर्वांनी वाचलेले असते.

मोठ्या सप्ताहांचा उपयोग याबाबतीत कमी. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतील सप्ताह दरवर्षी वेगळ्या गावी भरतो आणि त्याला अफाट जनसमुदाय लोटतो. तो सोहळा पाहावा, तिथले टाळकरी ऐकावेत. पण शिकायचे असेल, तर पंधरा माणसांचा आपल्या गावचा सप्ताहच बरा. आषाढी वारीतही हेच. दिंडीत चालताना दिवसभर अभंग कानांवर पडतात, पाठांतर आपोआप होते. मात्र दिंडीची भिशी भरून, ओळखीच्या माणसाबरोबर, आधी विचारून जावे.

स्त्रियांची मंडळे

गावोगावच्या महिला भजनी मंडळांचे चित्र काहीसे वेगळे आहे. दुपारची कामे आटोपल्यावरची वेळ, घरातून बाहेर पडायला मिळालेली मोकळीक आणि सुनेच्या हाती स्वयंपाकघर सोपवल्यानंतरचे वय, यांमुळे या मंडळांत चाळिशीनंतर आलेल्याच बहुसंख्य असतात. नव्याने येणारीला तिथे परकेपणा कमी वाटतो. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई यांचे अभंग गाताना शब्दांशी नातेही चटकन जुळते. काळी चार किंवा पाच ही पट्टी स्त्रियांना मुळात जवळची. रजोनिवृत्तीनंतर मात्र अनेकींचा आवाज खाली उतरतो आणि तरुणपणीची पट्टी अट्टाहासाने धरून ठेवल्यास घसा दुखावतो. पखवाज किंवा ढोलकी वाजवायला पुरुष बोलवावा लागणे ही या मंडळांची जुनी अडचण. एखादीने स्वतः ठेका शिकून घेतला, तर त्या मंडळात तिची जागा कोणत्याही गायिकेहून पक्की होते.

गळ्याची निगा

वय वाढते तसा दम आखूड होतो आणि वरचे स्वर सरावाविना निसटतात. उपाय जुनेच आहेत. बैठकीला जाण्यापूर्वी दहा मिनिटे खालच्या स्वरांत ओंकार करावा, घोट घोट पाणी पीत राहावे आणि आवाज ताणून नव्हे, श्वास भरून काढावा. काकड्याला उठल्याबरोबर चढा सूर लावू नये. तंबाखू आणि विडी यांच्याशी गळ्याचे वैरच. राळेगणसिद्धीत तरुणांनी दुकानांतील विड्या, सिगारेट आणि तंबाखू गोळा करून होळीत जाळली होती. तो व्यसनमुक्तीचा कार्यक्रम होता, पण भजनी मंडळांचाही त्यात लाभच झाला असणार. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, तर काढ्यांवर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. विशेषतः ज्यांना कधी तंबाखूची सवय होती, त्यांनी.

मंडळाची अपेक्षा फार नसते. स्वतःचा टाळजोड, शक्य तर काशाचा, एकादशीला हजेरी, येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी निरोप, आणि गावात कोणाच्या घरी दुःखाचा प्रसंग आला, तर दहाव्याच्या भजनाला न बोलावता जाणे. हे शेवटचे काम नवख्यांना सुचत नाही. वास्तविक त्या भजनाला गर्दी नसते, पेटीही कित्येकदा नसते आणि पट्टी सर्वांना झेपेल अशी, खालची असते.